नव्वद दिवस आणि जमिनीवरची साय

वाचायला बसण्याआधी एक छोटं काम करा. स्वयंपाकघरात गोडा मसाल्याचं सामान असेल, तर त्यातलं दगडफुलाचं एक पान काढा. परदेशातल्या भारतीय दुकानात ते छोट्या पाकिटात मिळतं. वरून राखाडी, खालून काळं, कागदासारखं कुरकुरीत. ते वाटीभर पाण्यात टाका आणि मिनिटभर थांबा. पान मऊ पडेल, पसरेल, थोडा रंगही बदलेल.

तुमच्या पाकिटातलं दगडफूल बहुधा कधीच मेलेलं असतं, पण पाणी शोषायला जिवंत असावं लागत नाही. ही स्पंजासारखी भौतिक क्रिया आहे. दगडफूल म्हणजे शैवाक, अर्थात लायकेन. बुरशी आणि शैवाल यांचा एकत्र संसार. त्याला मुळं नाहीत, खोड नाही, पाणी साठवायची टाकी नाही. हवा कोरडी झाली की तोही कोरडा, हवा ओली झाली की तोही ओला. कोरडा असताना त्याचं श्वसन, प्रकाशसंश्लेषण, सगळं जवळजवळ बंद. ओला झाला की काही मिनिटांत काम सुरू. झाडं पाणी जपून ठेवतात, शैवाक पाण्याची वाट बघतो.

मी पोटापाण्यासाठी शैवाकांबरोबर वाट बघते. ही गोष्ट गेल्या उन्हाळ्याची आहे. त्या उन्हाळ्यात माझी वाट बघणारी आणखी एक व्यक्ती कायझर्सलाउटर्नच्या घरात बसली होती: माझी आई.

जमिनीची साय

आधी कामाबद्दल. वाळवंटात, माळावर, उंच डोंगरावर, जिथे मोठी झाडं दाटीने वाढू शकत नाहीत, तिथे मातीच्या वरच्या काही मिलिमीटरांत एक जिवंत थर असतो. नील-हरित शैवाल, हिरवी शैवालं, बुरशी, शैवाक आणि मॉस यांनी मातीचे कण एकमेकांना चिकटवून केलेला. इंग्रजीतून आलेला शब्द ‘बायोक्रस्ट’. माझी लेक त्याला साय म्हणते, आणि मला तोच शब्द जास्त पटतो. दुधावरची साय जशी खालच्या दुधाला झाकते, तशी ही माती झाकते. वाऱ्याने धूळ उडू देत नाही, पावसाने माती वाहू देत नाही.

जगाच्या जमिनीपैकी सुमारे १२ टक्के भागावर ही साय आहे, असा अंदाज २०१८ साली प्रसिद्ध झाला. त्याआधी २०१२ मध्ये आलेल्या एका अभ्यासाने माती, खडक आणि झाडांच्या सालींवरच्या अशा सगळ्या आवरणांचा एकत्र हिशेब मांडला होता. जमिनीवर जीवांकडून जेवढं नायट्रोजन स्थिरीकरण होतं, त्याचा जवळजवळ निम्मा वाटा या आवरणांचा निघाला. आपण ज्यावर बूट पुसून पुढे जातो, त्याचा.

कायझर्सलाउटर्न हे नाव बहुतेकांना फुटबॉलमुळे किंवा शेजारच्या रामश्टाइनच्या अमेरिकन तळामुळे माहीत असतं. आपली मराठी मंडळी इथे बहुधा सॉफ्टवेअरमध्ये किंवा फ्राउनहोफरच्या संस्थांमध्ये आहेत. पण इथल्या विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचा जो विभाग आहे, त्यातून प्रा. बुर्कहार्ड ब्यूडल यांच्या नेतृत्वाखाली मातीवरच्या सायीचा एक मोठा युरोपीय प्रकल्प चालला होता. नाव ‘सॉइल क्रस्ट इंटरनॅशनल’. चार देशांत चार जागा निवडल्या होत्या: दक्षिण स्पेनमधलं ताबेर्नासचं वाळवंट, आल्प्समध्ये ग्रोसग्लॉकनरजवळची होखटोर खिंड, बव्हेरियातल्या ग्योसनहाइम गावाजवळचा होमबुर्ग किल्ल्याचा माळ आणि स्वीडनच्या ओलांड बेटावरचं यिंगे आल्वार. वाळवंट, डोंगर, माळ आणि बेट. चारही ठिकाणी साय आहे, आणि हवामान पूर्णपणे वेगळं.

मी इथे आले तेव्हा तो प्रकल्प संपलेला होता. पण जागा तिथेच आहेत, आणि प्रश्नही. स्पेनला आम्ही हिवाळ्यात जातो, कारण उन्हाळ्यात तिथली साय ठार झोपलेली असते. उरलेल्या तीन जागा उन्हाळ्याच्या.

नव्वदातले पंचेचाळीस

शेंगेन व्हिसाचं गणित तुम्हाला पाठ असेल: १८० दिवसांत ९० दिवस. बाबा गेल्यानंतरची आईची ही पहिलीच फेरी. साताऱ्याचं घर बंद करून, तुळस शेजारच्या काकूंकडे देऊन ती जूनच्या सुरुवातीला फ्रँकफर्टला उतरली. तिकीट मी काढलं होतं, तारखाही मीच ठरवल्या होत्या. जर्मनीतला उन्हाळा तिला सोसेल, हिवाळा नाही, एवढाच विचार केला होता.

फील्डचं वेळापत्रक त्यानंतर पक्कं झालं. परवानग्यांच्या तारखा, गाडीची उपलब्धता, यंत्र दुसऱ्या गटाला कधी हवं आहे, सगळं जुळवल्यावर जे उरलं ते असं: ओलांड १९ दिवस, होखटोर १४, ग्योसनहाइम दोन फेऱ्यांत १२. एकूण ४५. आईच्या नव्वदातले बरोब्बर निम्मे.

मी तिला आकडा सांगितला तेव्हा ती भाजणी चाळत होती. “बरं,” म्हणाली. “थालीपिठाची भाजणी बांधून देते. तिकडं काय खाणार?”

नवरा घरी होता, चार वर्षांची लेक होती, त्यामुळे आई एकटी नव्हती, हे मी स्वतःला सांगत होते. तुम्हीही कोणाला तरी असं काहीतरी सांगितलं असेल.

गाडीत काय काय असतं

फील्डवर्क म्हटलं की लोकांना टोपी घातलेला माणूस आणि दूरचं क्षितिज दिसतं. प्रत्यक्षात ते बरचसं सामान चढवणं आणि उतरवणं असतं. विद्यापीठाच्या पांढऱ्या ट्रान्सपोर्टरमध्ये काय होतं ते सांगते: कार्बन डायऑक्साइड मोजणारं यंत्र, त्याच्या दोन सुटकेसएवढ्या पेट्या, गाडीच्या बॅटरीसारख्या चार बॅटऱ्या, एक सौर पॅनेल, हजारांश ग्रॅम दाखवणारा तराजू आणि त्याला वाऱ्यापासून वाचवायला काचेचं खोकं, ऊर्ध्वपातित पाण्याचे डबे, जाळीच्या छोट्या टोपल्या, चिकटपट्टीचे सात प्रकार, दोन तंबू, गॅसची शेगडी. आणि आईने बांधलेला डबा: भाजणी, मेतकूट, दडप्या पोह्यांसाठी पातळ पोहे, गोडा मसाला. रविवारी जर्मनीत दुकानं बंद असतात. आल्वारवर दुकानच नसतं.

माझ्याबरोबर मास्टर्सचा एक विद्यार्थी होता, फाल्झमधल्याच खेड्यातला, मितभाषी. आईचं मेतकूट त्याने तिसऱ्या दिवसापासून ब्रेडला लावून खायला सुरुवात केली.

कायझर्सलाउटर्न ते ओलांड साधारण सव्वाबाराशे किलोमीटर. हॅम्बुर्गच्या पुढे पुटगार्डनला जर्मनी संपतो, तिथून पाऊण तासाच्या फेरीने डेन्मार्कमधलं रॉडबी. मग कोपनहेगन, ओरेसुंडचा पूल, माल्मो, आणि कालमारहून सहा किलोमीटर लांबीचा पूल ओलांडला की बेट. हा पूल १९७२ साली झाला. त्याआधी बेटावर जायचं तर बोटच.

दक्षिण ओलांडवरचं स्टोरा आल्वारेट हे अडीचशे चौरस किलोमीटरपेक्षा मोठं चुनखडीचं पठार आहे, आणि तिथला शेतीचा प्रदेश २००० सालापासून जागतिक वारसा यादीत आहे. चुनखडीवर माती काही सेंटिमीटर, काही ठिकाणी तीही नाही. झाड जवळजवळ नाही. कासच्या पठाराला ज्यांनी मे महिन्यात, फुलांच्या तीन महिने आधी पाहिलंय, त्यांना हा देखावा ओळखीचा वाटेल. सडा तो सडाच. जांभ्याचा असो वा चुनखडीचा.

मला तिथे हटकून शंकर पुरुषोत्तम आघारकर आठवतात. मालवणचे. १९११ साली त्यांना साताऱ्याच्या वेण्णा नदीत गोड्या पाण्यातला जेलीफिश सापडला. तोवर त्या गणातले जेलीफिश फक्त आफ्रिकेतले म्हणून माहीत होते. पुढे ते वनस्पतिशास्त्राच्या अभ्यासाला बर्लिनला आले आणि पहिलं महायुद्ध सुरू झाल्यावर ब्रिटिश प्रजा म्हणून नजरकैदेत अडकले. तरी डॉक्टरेट पुरी करूनच परतले, वायव्य भारतातल्या कोरड्या प्रदेशांतल्या वनस्पती कशा पसरल्या या विषयावर. पुण्याची आघारकर संशोधन संस्था त्यांच्या नावाची, आणि शैवाकांवर या संस्थेत दीर्घकाळ काम झालं आहे. वेण्णेच्या काठी मी लहानपणी कपडे ओले करून आईचा ओरडा खाल्ला होता, आघारकरांचं नाव मात्र मला पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी कळलं.

दव आणि चहा

आता मुख्य काम. शैवाक दिवसा उन्हात कोरडा असतो, म्हणजे बंद. रात्री आकाश निरभ्र आणि वारा पडलेला असेल तर जमीन थंड होते, दव पडतं, साय भिजते. अंधारात ओली साय फक्त श्वसन करते, म्हणजे साठवलेला कार्बन खर्च होतो. उजाडलं की प्रकाशसंश्लेषण सुरू होतं आणि खात्यात जमा व्हायला लागते. मग ऊन चढतं, दव उडतं, साय वाळते, दुकान बंद. पूर्ण दिवसाची कमाई या एक-दोन तासांत. १९६०च्या दशकात ऑटो लांगे या जर्मन शास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी नेगेव्हच्या वाळवंटात हे मोजून दाखवलं. पाऊस नसताना केवळ दवावर शैवाक कार्बन कमावतो. याच लांगेंनी पुढे वुर्झबुर्गच्या वनस्पती उद्यानात एका शैवाकाची नोंद पंधरा महिने, दर अर्ध्या तासाला घेतली, आपोआप उघडमिट करणाऱ्या डबीतून.

आमची पद्धत अशी: सायीचा छोटा तुकडा जाळीच्या टोपलीत ठेवून पारदर्शक डबीत बंद करायचा. डबीत जाणाऱ्या आणि डबीतून येणाऱ्या हवेतल्या कार्बन डायऑक्साइडचा फरक यंत्र मोजतं. हवेत हा वायू दर दहा लाखांत सव्वाचारशेच्या आसपास. आम्हाला दिसणारा फरक त्यातल्या मोजक्या कणांचा. तुकडा बाहेर काढायचा, वजन करायचं, म्हणजे पाणी किती उरलं ते कळतं, परत ठेवायचा. वाळेपर्यंत.

इतका बारीक फरक मोजायचा तर बाहेरून आत येणारी हवा स्थिर हवी. तुमच्या उच्छ्वासात साधारण चार टक्के कार्बन डायऑक्साइड असतो, म्हणजे दहा लाखांत चाळीस हजार. म्हणून हवा घेणारी नळी उंच काठीवर बांधतात, मध्ये मोठं पिंप ठेवतात, आणि माणसांनी वाऱ्याच्या खालच्या बाजूला उभं राहायचं असतं. हा नियम मी प्रत्येक विद्यार्थ्याला पहिल्याच दिवशी सांगते.

ओलांडवर पहिल्या नऊ रात्री वारा होता. दव नाही. आम्ही तीनला उठायचो, जमिनीवर हात ठेवायचो, कोरडी, परत झोपायचो. झोप येत नसे. सकाळी दहाला आईचा व्हिडिओ कॉल यायचा, नेटवर्क असेल तर. लेक विचारायची, “झोपलीय का अजून साय?” मी म्हणायचे, “झोपलीय.” मागून आई म्हणायची, “मग तू पण झोप थोडी.”

दहाव्या रात्री वारा पडला. साडेतीनला जमीन ओली. हेडलॅम्पच्या प्रकाशात साय फुगलेली दिसत होती. यंत्र सुरू केलं, पहिला तुकडा ठेवला, आकडे सुंदर स्थिर. सूर्योदय सव्वाचारच्या सुमारास. हात गारठले होते. मी विद्यार्थ्याला म्हटलं, चहा टाकते. आल्याचा.

शेगडी मी गाडीच्या आडोशाला लावली. झुळूक कुठून येतेय ते पाहिलं नाही. गॅस जळतो म्हणजे काय होतं, हे दहावीच्या मुलालाही माहीत असतं. शेगडीचा धूर नसतो, वास नसतो, फक्त कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ, आणि ते हलक्या झुळुकीबरोबर नळीकडे जात होतं. चहा झाला, दुसऱ्यांदा गरम झाला. यंत्र फरक मोजत राहिलं, पण ज्या हवेचा फरक मोजायचा तीच वरखाली होत होती. साडेपाचला आलेख उघडला तेव्हा कमाईचा तो तास म्हणजे करवतीचे दाते दिसत होते.

विद्यार्थ्याने आलेख पाहिला, रिकाम्या कपाकडे पाहिलं आणि म्हणाला, “ट्या.” जर्मनीत राहणाऱ्यांना हा शब्द समजावायला नको. इतरांसाठी: ‘आता काय बोलणार’ या अर्थाची सगळी वाक्यं त्या एका अक्षरात मावतात.

मी तंबूच्या मागे जाऊन रडले. एका सकाळच्या डेटासाठी नाही. दहा दिवस आईपासून दूर, आणि हातात काही नाही, म्हणून. तेराव्या रात्री पुन्हा दव पडलं आणि त्या सकाळची नोंद नीट मिळाली. त्या सकाळी आम्ही थंड पाणी प्यायलो.

छत्तीस वळणं

ओलांडहून परतून घरी चार दिवस. त्यातले दोन सामान धुण्यात, एक कार्यालयीन कागदांत. मग होखटोर.

ग्रोसग्लॉकनरचा घाटरस्ता १९३५ साली खुला झाला. ४८ किलोमीटर, ३६ वळणं, आणि होखटोरचा बोगदा सुमारे अडीच हजार मीटरवर. रात्री रस्ता बंद होतो, त्यामुळे एकतर त्याआधी खाली यायचं, नाहीतर वरच मुक्काम. आम्ही वर राहिलो. जुलैत एका सकाळी बर्फ पडला. मार्मोट नावाचे गुबगुबीत प्राणी शिट्टी घालून एकमेकांना आमची बातमी देत, आणि त्यातल्या एकाने सेन्सरची तार कुरतडली. चिकटपट्टीचे सात प्रकार का नेतो, ते आता कळलं असेल.

तिथल्या खडकांवर पिवळसर-हिरवे, काळ्या रेषांनी विभागलेले, नकाशासारखे शैवाक असतात. त्यांची वाढ वर्षाला मिलिमीटरहूनही कमी. ऑस्ट्रियाच्या रोलांड बेशेल यांनी १९५०च्या सुमारास याचाच उपयोग करून घेतला: खडकावरचा सगळ्यात मोठा ठिपका मोजा, वाढीचा वेग माहीत असेल तर हिमनदीने तो खडक कधी उघडा टाकला ते सांगता येतं. आपण घड्याळात तास मोजतो, हे शतकं.

होखटोरला दवाची वाट बघावी लागत नाही. धुकं, पाऊस, वितळणारं बर्फ. साय बराच काळ ओली, कामात. पण प्रश्न तिथेही आहे. उन्हाळे तापत गेले तर काय? रात्र उबदार झाली की अंधारातलं श्वसन वाढतं, म्हणजे खर्च वाढतो. आणि पाऊस कमी पडण्यापेक्षा चुकीचा पडणं जास्त वाईट ठरू शकतं. कोरडी साय भिजली की आधी काही वेळ दुरुस्तीसाठी कार्बन खर्च करते. तो खर्च भरून निघेपर्यंत ओल टिकली पाहिजे. उन्हाच्या दिवशी बारीकशी सर येऊन लगेच वाळलं, तर सायीला जाग येते, खर्च होतो, कमाई होत नाही. अमेरिकेतल्या कोलोरॅडो पठारावर उन्हाळ्यात अशा बारीक सरी मुद्दाम पाडून पाहिल्या, तेव्हा तिथला एक मॉस थोड्याच काळात मोठ्या प्रमाणावर मेला. त्याचा निष्कर्ष २०१२ साली आला. दुष्काळाला टिकणारा जीव रिमझिमीने मेला.

दोन फेऱ्यांमध्ये चार-चार दिवस घरी येणारी मी, हे लिहिताना थोडी थांबले.

आमसुलं

ग्योसनहाइमची शेवटची फेरी ऑगस्टच्या अखेरीस होती. कायझर्सलाउटर्नपासून हे गाव दोनेकशे किलोमीटरवर. विद्यापीठाच्या गाडीत विम्यामुळे नातेवाईक बसवता येत नाहीत, म्हणून नवरा आमच्या गाडीतून आईला आणि लेकीला घेऊन आला. गावात एक खोली भाड्याने घेतली होती.

आईला पहाटे चारला उठायची सवय. मी पाचला निघाले तेव्हा ती साडीवर माझं जॅकेट घालून, पायात स्पोर्ट्स शूज चढवून दारात उभी होती. “मला दाखव तरी काय करतेस ते.”

होमबुर्गच्या पडक्या किल्ल्याखाली चुनखडीचा उतार आहे, संरक्षित. तिथल्या समूहाला जर्मनीत ‘रंगीत माती-शैवाकां’चा समूह म्हणतात. पायवाट सोडायची नाही. आम्ही परवानगीने जिथे जातो, तिथेही ठरलेल्या दगडांवरच पाय ठेवतो. आईला एका सपाट दगडावर, वाऱ्याच्या खालच्या बाजूला बसवलं आणि उच्छ्वासाचं गणित सांगितलं. तिने पदर तोंडाशी धरला तो शेवटपर्यंत सोडला नाही. एवढी गरज नव्हती. मी सांगितलंही. पण तिने ऐकलं नाही.

दव चांगलं पडलं होतं. सव्वासहाला उजेड आला तसे रंग दिसू लागले: पिवळा, पांढरा, निळसर काळा, आणि पांढऱ्या कडेचे तांबूस तपकिरी खवले. हा शेवटचा म्हणजे सोरा डेसिपियन्स.

“ही तर आमसुलं भिजत घातल्यासारखी दिसतायत,” आई पदराआडून म्हणाली. मी इतकी वर्षं जर्मन आणि इंग्रजीत या रंगाचं वर्णन करते आहे.

मग मी तिला सोराची गोष्ट सांगितली. सोरा चारही जागी सापडतो, स्पेनच्या वाळवंटापासून ओलांडपर्यंत. म्हणजे हा कुठेही जगणारा जीव आहे, असं वाटावं. कायझर्सलाउटर्नच्या गटाने ते तपासलं. एका जागेचे सोरा उचलून दुसऱ्या जागी लावले आणि दोन वर्षं ठेवले. २०१७ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला.

“मग जगले?” आईने विचारलं.

इथे मला एक क्षण वाटलं की विषय बदलावा. कारण आदल्याच आठवड्यात मी आईला म्हटलं होतं, कायमची इकडेच ये. साताऱ्यात एकटी काय करणार. तिने तेव्हा उत्तर दिलं नव्हतं.

पण निकाल तो निकाल. मी सांगितलं: बऱ्याच नमुन्यांत आतला हिरवा शैवालाचा थर मेलेला निघाला. बुरशीने नवी वाढ धरलेली दिसत होती, बाहेरून पाहिलं तर ठीक वाटावं, पण आत शैवाल नाही. नव्या जागेतला नवा जोडीदारही त्यांनी घेतला नव्हता. आणि जनुकं तपासली तर चार जागांच्या बुरशी चार वेगळ्या वंशशाखांच्या निघाल्या. एकच नाव, एकच रूप, पण प्रत्येक आपापल्या हवेतली.

आई बराच वेळ काही बोलली नाही. यंत्र गुणगुणत होतं. मी टोपली काढली, वजन केलं, परत ठेवली.

“शास्त्रातलं तुझं तुला माहीत,” ती मग म्हणाली. “मला फक्त एवढं सांग, त्यांना उचलून नेताना खालची माती नेली होती का थोडी?”

हा प्रश्न कोणत्याही परिसंवादात विचारण्यासारखा आहे. सोरा मातीला घट्ट चिकटलेला असतो, तो सोलून काढता येत नाही, म्हणून माती बरोबर जातेच. ते मी तिला सांगितलं. ती “हं” म्हणाली.

माणूस म्हणजे शैवाक नव्हे, हे मला कळतं. आपण भाषा शिकतो, हीटर लावतो, भाजणी बांधून आणतो. मी स्वतः अकरा वर्षं इथे आहे आणि बरी आहे. पण आईला मी जो प्रश्न विचारला होता, त्यात ‘ये’ हा शब्द होता आणि बरोबर काय काय आणावं लागेल याचा विचार नव्हता: वेण्णेकाठचा रस्ता, शेजारच्या काकू, तुळस, बाबांच्या आठवणीचं घर. ते विमा नसलेल्या गाडीतही बसत नाही.

सव्वाआठला ऊन उतारावर पूर्ण आलं. आकडा शून्याकडे सरकला, तुकडा वाळला. आईने विचारलं, “आज किती जमा?” मी रात्रीचा खर्च वजा करून ढोबळ हिशेब केला. थोडी शिल्लक होती. तिला समाधान वाटलं, मलाही.

खाली उतरताना ती प्रत्येक पाऊल बघून टाकत होती. “आम्ही शाळेच्या सहलीला कासवर नुसत्या धावत सुटायचो,” म्हणाली. “तिथंही असंल का ही साय?” असते. उन्हाळ्यात सडा काळपट दिसतो, त्यात खडकावरचे शैवाक आणि नील-हरित शैवाल यांचा मोठा हात असतो. पायाखाली तुटलेली साय परत धरायला कित्येक वर्षं लागतात, काही ठिकाणी दशकं. कास २०१२ पासून पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारसा आहे. तिथे फुलांच्या दिवसांत पर्यटकांना वाटेवर ठेवतात ते फक्त फुलांसाठी नाही, असं मी म्हटलं. आई म्हणाली, “पाटी लावा मग. मराठीत.”

अठ्ठ्याऐंशीव्या दिवशी आम्ही तिला फ्रँकफर्टला सोडलं. पुढच्या वर्षी तारखा तिला विचारून ठरवायच्या, एवढं ठरलं आहे. मी हिवाळा सुचवला, कारण जर्मनीत हिवाळ्यात फील्ड नसतं. “थंडीत? गारठून जाईन मी,” म्हणाली. मग दोन पावलं पुढे जाऊन वळली आणि म्हणाली, “त्या स्पेनला थंडीत जाता ना तुम्ही? तिथं ऊन असतं का?”

असतं. ताबेर्नासला वर्षाला पाऊस जेमतेम दोनशे मिलिमीटरच्या वर, बाकी ऊनच. जानेवारीतली तिकिटं मी पाहून ठेवली आहेत. या वेळी शेगडी वाऱ्याच्या खालच्या बाजूला लावेन. चहा आई करणार आहे.